मालकाच्या हाती नसलेला पासवर्ड

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट ही नित्याची संकेतस्थळे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील असंख्य लोकांना एकाएकी उघडेनाशी झाली, आणि चौकशीअंती असे आढळले की, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता सांगण्याचे काम करणाऱ्या डाइन या कंपनीवर खोट्या मागण्यांचा जो लोंढा लोटला होता, त्यातील बराच भाग पहाऱ्यासाठी बसविलेल्या कॅमेऱ्यांकडून व त्यांचे चित्रण साठविणाऱ्या डीव्हीआर यंत्रांकडून आलेला होता. रखवालीची यंत्रेच परक्याच्या हुकमतीखाली गेली होती, आणि मालकांना त्याची वार्ताही नव्हती.

हा कब्जा घेणाऱ्या ‘मिराई’ या प्रोग्रामची रीत पाहिली म्हणजे विषाद वाटतो, इतकी ती साधी आहे. टेलनेट या जुन्या मार्गाने दुरून प्रवेश देणारी उपकरणे हुडकावीत आणि युजरनेम व पासवर्ड यांच्या साठेक जोड्या त्यांवर एकामागून एक चालवून पाहाव्यात, एवढाच तिचा खटाटोप. त्या यादीत ‘रूट’ या नावापुढे ‘एक्ससी३५११’ हा पासवर्ड आहे. हांगझौ येथील शिओंगमाई कंपनीच्या सुट्या भागांवर उभारलेली, पण नाना व्यापाऱ्यांच्या नावांनी विकली गेलेली अगणित उपकरणे या एकाच पासवर्डाने उघडत होती.

असा पासवर्ड फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये कारखान्यातच भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, कायमचा कोरलेला असतो. चाचणीची व दुरुस्तीची सोय व्हावी म्हणून तो ठेवतात, आणि त्याच फर्मवेअरची नक्कल लक्षावधी नगांत उतरते; परंतु यांतील एक नग बाजारातून विकत आणून त्याची चिप वाचणाऱ्या जाणकारापासून ते गुपित फार काळ लपत नाही, आणि एकाचे गुपित फुटले की सर्वांचेच फुटते.

मालकाने पासवर्ड बदलावा, हा उपदेश येथे अन्यायाचा ठरतो. ब्राउझरमधील पानावर त्याने आपला पासवर्ड इमानेइतबारे बदलला, तरी टेलनेटचा पासवर्ड होता तसाच राही. तो बदलण्याची तजवीजच निर्मात्याने ठेवलेली नव्हती. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की केवळ स्मृतीत वसणारा मिराई पुसला जाई खरा, पण काही मिनिटांतच त्याची पुन्हा लागण होण्याचा संभव असे. ज्याला दाराची माहिती नाही आणि ते बंद करण्याचा अधिकारही नाही, त्याच्या माथी कसूर मारणे मला मान्य नाही.

कायद्यालाही हे उशिरा पटले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून, तर ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सर्व नगांना एकच सामायिक पासवर्ड देण्यास निर्मात्यांना मज्जाव झाला. शिओंगमाईने २०१६ सालीच अमेरिकेतील काही माल परत मागविल्याचे जाहीर केले होते. पण खोक्यावर नाव दुसऱ्याचेच असल्यावर आपले यंत्र त्यांतले की नाही, हे सामान्य ग्राहकाने ओळखावे कसे? अशा जुन्या यंत्राच्या मालकाने निदान राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग बंद करून ते यंत्र थेट इंटरनेटवरून दिसणार नाही असा बंदोबस्त करावा, आणि विक्रेत्याकडे सुधारित फर्मवेअरची मागणी लेखी नोंदवावी.