मुगातल्या भुंग्याचे बदललेले आडनाव

रमजान तोंडावर आला की आमच्याकडे कडधान्याचे डबे उघडले जातात. यंदा मुगाचा डबा उघडताच अम्मी म्हणाल्या, "या अल्लाह, हे काय झालं!" डबाभर तपकिरी भुंगे, आणि ज्या दाण्यावर बोट ठेवावे त्याला गोल भोक. चूक आमचीच. तळाशी उरलेल्या मूठभर जुन्या मुगावर आम्ही नवे मूग ओतले होते.

हा भुंगा आहे तरी कोण, हे शोधायला बसलो तर त्याच्या नावाचाच इतिहास हाती लागला. कीटकाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावच म्हणा ना. दुसरा शब्द जातीचा. स्वीडनच्या लिनियसने 1758 मध्ये याला कर्कुलिओ चायनेन्सिस म्हटले. कर्कुलिओ हे सोंडकिड्यांचे घराणे. तांदळातल्या सोंड्यालाही त्याने याच घराण्यात बसवले होते. पण मुगातल्या भुंग्याला तशी सोंड नसते. पुढे अभ्यासकांनी त्याला वाटाण्याच्या भुंग्याच्या प्रजातीत, ब्रुकसमध्ये हलवले.

तिथेही तो पुरता बसेना. मागच्या पायाची मांडी भिंगाखाली पाहिली तर याच्या मांडीच्या खालच्या कडेला दोन धारा असतात आणि त्यांवर दात. ब्रुकसची मांडी अशी नसते. फ्रान्सच्या मॉरिस पिक यांनी 1902 मध्ये कॅलोसोब्रुकस हे नाव दिले आणि आपला भुंगा कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस झाला. आडनाव बदलले तरी जातीचे जुने नाव सोडता येत नाही, असा नियम आहे. म्हणून मूग आपल्या शेतातले असले तरी नावातला चीन कायम. आडनाव बदलल्याची खूणही ठेवतात: पहिल्या नामकर्त्याचे नाव कंसात लिहितात, (लिनियस, 1758) असे.

एवढ्याशा दाताने काय फरक पडतो, असे आम्हालाही वाटले होते. पण या दोन घराण्यांची राहणीच वेगळी आहे. वाटाण्याचा ब्रुकस शेतातल्या हिरव्या शेंगांवर अंडी घालतो, वर्षात एकच पिढी. सुक्या वाटाण्यात त्याची वीण वाढत नाही. आपला भुंगा शेतात सुरुवात करतो, पण डब्यात थांबत नाही. मादी सुक्या दाण्याच्या सालीवर अंडे चिकटवते, पांढऱ्या ठिपक्यासारखे. अळी थेट दाण्यात शिरते आणि आतून पोखरते. उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत नवा भुंगा गोल झाकण उघडून बाहेर येतो. तो स्वतः काही खात नाही, जगतोही जेमतेम दहा-बारा दिवस. तेवढ्यात पुढची अंडी घातलेली असतात.

आमचे तळातले मूठभर मूग म्हणजे वाटाण्यातल्या ब्रुकसच्या दृष्टीने रिकामे घर, याच्या दृष्टीने मात्र अख्खे पाळणाघर.

आता डबा रिकामा करून, धुऊन, कडक वाळवल्याशिवाय त्यात नवे कडधान्य पडत नाही. मूग आणले की आधी पांढरे ठिपके शोधायचे, मग कडक ऊन द्यायचे आणि गार झाल्यावर तेलाचा पुसट हात फिरवायचा. फुफू हे पूर्वीपासून करत आल्या आहेत, तेल लावले की अंडी टिकत नाहीत म्हणतात. त्यांचे बरोबरच आहे. भिंग न वापरता त्यांना हे कसे कळले, तेवढे विचारायचे राहिले आहे.