दार एकासाठी, चोर दुसराच

‘ट्रॅफिक सिग्नल असलेले सगळे चौकोन निवडा.’ हे वाचून तुम्ही कितीदा वैतागलाय? सिग्नलच्या खांबाचा एवढासा तुकडा शेजारच्या चौकोनात घुसलाय, तो धरायचा की सोडायचा? तरी दोन-तीन प्रयत्नांत तुम्ही सुटता. आता एक करून बघा. मोबाइलवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करा, डोळे मिटा आणि तसाच एखादा फॉर्म भरा. थोडी सवय झाली की नाव, पत्ता, ईमेल सगळं ऐकून भरता येतं. त्या चौकोनांपाशी मात्र गाडी ठप्प!

२०११च्या जनगणनेनुसार भारतात ५० लाखांहून जास्त लोकांना दृष्टिदोष आहे. त्यातले तुमच्या वयाचे अनेक जण स्क्रीन रीडरच्या मदतीने तुमच्यासारखंच सगळं ऑनलाइन करतात. परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्ती, रेल्वेचं तिकीट, बँक. कॅप्चा आला की कुणाला तरी हाक मारायची, ‘जरा हे वाचून देतोस का?’ म्हणजे बँकेचं पान उघडं असताना स्क्रीन दुसऱ्याच्या हातात द्यायची. जवळ कुणी नसेल तर फॉर्म राहिला.

कॅप्चा आला कुठून? २००० साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो बनवला. समोर माणूस आहे की स्पॅम पाठवणारा प्रोग्राम, हे ओळखण्यासाठी. पण ज्याला चित्र दिसतं तो माणूस, अशी ही परीक्षा. मग न दिसणाऱ्या माणसाने काय करायचं?

त्यासाठी बाजूला दुसरं दार काढलं गेलं. हेडफोनचं चिन्ह दाबा, आकडे किंवा शब्द ऐका, टाइप करा. प्रोग्रामला कळू नये म्हणून आवाजात मुद्दाम खरखर मिसळलेली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अंध व्यक्तींना असे कॅप्चा पहिल्या फटक्यात निम्म्या वेळाही सुटले नाहीत. मग आणखी वाटा निघाल्या. ‘वेबव्हिजम’ हे फायरफॉक्सचं अॅड-ऑन कॅप्चाचं चित्र आपल्या सर्व्हरकडे पाठवायचं आणि उत्तर आणून द्यायचं. ‘एचकॅप्चा’ने अंध वापरकर्त्यांसाठी खास कुकी दिली. ईमेलने नोंदणी करा, कोडं न सोडवता पुढे जा.

आता तुम्ही स्पॅमर आहात असं समजा. हजारो खोटी खाती काढायचीत आणि समोर कोडं सोडवून देणारी फुकट सेवा आहे. तुम्ही कुठून शिराल? म्हणूनच वेबव्हिजमची नोंदणी आमंत्रणाशिवाय मिळत नसे. एचकॅप्चाची कुकी ‘कॅप्चा कसा चुकवायचा’ या जुगाडांमध्ये फिरू लागली, आणि तिच्या वापरावर मर्यादा आल्या.

आवाजाच्या दाराचंही तेच. २०१७मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘अनकॅप्चा’ नावाचा प्रोग्राम लिहिला. गुगलच्या रीकॅप्चाचा ऑडिओ ऐकून तो ८५ टक्के वेळा बरोबर उत्तर द्यायचा. गुगलने आकड्यांच्या जागी बोललेली वाक्यं आणली. संशोधकांनी ती गुगलच्याच आवाज ओळखणाऱ्या सेवेला ऐकवली आणि यश गेलं ९० टक्क्यांवर! माणसाला ऐकू येईना आणि मशीनला येतंय, अशी उलटी तऱ्हा.

बचाव काय? तुमच्या नेटवर्कवर संशय आला की रीकॅप्चा ऑडिओच देत नाही. ‘तुमचा कॉम्प्युटर किंवा नेटवर्क आपोआप विनंत्या पाठवत असावं, नंतर प्रयत्न करा’ एवढंच सांगतो. चित्रांची कोडी मात्र सुरूच राहू शकतात. ज्याला दिसतं, त्याच्याकडे दुसरा मार्ग आहे. ज्याला दिसत नाही, तो तिथेच अडकला. त्याची चूक काय, तर हॉस्टेलच्या किंवा सायबर कॅफेच्या सामायिक इंटरनेटवर कुणीतरी उपद्‌व्याप केलेला.

आणि स्पॅमर? तो अडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी २०१०मध्येच दाखवून दिलं होतं, की साधारण एका डॉलरमध्ये हजार कॅप्चा माणसांकडून सोडवून मिळतात. हे काम करणाऱ्या स्वस्त मजुरांत भारतातलेही होते. म्हणजे बाजूचं दार बंद झालं तर स्पॅमर भाड्याचे डोळे घेऊन पुढच्या दाराने येतो. बाहेर राहतो तो ज्याच्यासाठी दार होतं तो.

हाच खेळ तुमच्या मोबाइलवरही चालतो. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा चलनाच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइल्स माहीत असतीलच. फोनमध्ये गेल्यावर अशी फसवी अॅप्स अनेकदा ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. स्क्रीन वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची ही ताकद खरं तर टॉकबॅकसारख्या अॅप्ससाठी आहे. चोराला मिळाली तर बँकेचं अॅपही उघडं. म्हणून अनोळखी अॅपला ती देऊच नका. इथे निदान बंदोबस्ताची दिशा बरोबर आहे. अँड्रॉइड १३पासून बाहेरून टाकलेल्या अॅप्सना ही परवानगी सहजी मिळत नाही. टॉकबॅक वापरणाऱ्याला त्याचा त्रास नाही.

कायदाही हेच सांगतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या खटल्यातल्या एका याचिकेमागे अंध वकील अमर जैन होते. विषय होता केवायसीचा. कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून ‘जिवंत आहे’ हे सिद्ध करणं सगळ्यांना जमत नाही.

तुम्ही म्हणाल, गुगलचं आम्ही काय करणार? पण कॉलेजच्या फेस्टचा रजिस्ट्रेशन फॉर्म तुमच्यापैकीच कुणीतरी बनवतं ना? त्यात कॅप्चा टाकण्याआधी थांबा. ईमेलवर ओटीपी पाठवता येतो. एक लपवलेला रकाना ठेवा, तो बॉट भरतात आणि पकडले जातात. मात्र तो स्क्रीन रीडरपासूनही लपवा, नाहीतर अंध विद्यार्थी तो भरेल आणि बॉट ठरेल! दोन सेकंदांत भरून आलेला फॉर्म वेगळा काढा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. तो उतरवून घ्या, माउस बाजूला ठेवा आणि आपलाच फॉर्म कीबोर्डवर भरून बघा.

मग वर्गातल्या एखाद्या अंध मित्राला किंवा मैत्रिणीला लिंक पाठवा. कुणालाही हाक न मारता तिला ‘सबमिट’पर्यंत जाता आलं, तरच फॉर्म लाइव्ह करा.