थकलेला पगार आणि बुडालेली पातशाही

स्पेनमधल्या मुसलमानांना युरोपातले लोक मूर म्हणत. ग्रानाडा हे त्यांचे तिथले शेवटचे राज्य १४९२ मध्ये बुडाले. पुढे पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा इथल्या मुसलमानांनाही त्यांनी तेच नाव लावले. १५१० मध्ये ज्या 'मूरां'कडून त्यांनी गोवा घेतला, ती विजापूरची आदिलशाही. आपल्या पन्हाळ्याचा तीन दरवाजा याच पातशाहीने बांधला, म्हणजे ती आपल्याला काही परकी नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणतेही राज्य पाहताना आमची नजर आधी एका गोष्टीकडे जाते: शिपायाला पगार कोण देत होता आणि कशातून?

बहामनी राज्याचा कर्ता वजीर महमूद गावान याचा १४८१ मध्ये बादशहानेच शिरच्छेद करविला. त्यानंतर सुभेदार मोकळे सुटले आणि १४९० च्या सुमारास यूसुफ आदिलखानाने विजापुरास आपले राज्य मांडले. त्याचा नातू पहिला इब्राहीम १५३४ मध्ये गादीवर आला. त्याने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले आणि कारकुनीत ब्राह्मण भरले. आमच्या मते हा निर्णय एखादी लढाई जिंकण्यापेक्षा मोठा होता, कारण रयतेचा हिशेब रयतेच्या बोलीत आला की वसुलीची मुळे खोल जातात. मुधोळचे घोरपडे, म्हसवडचे माने, वाडीचे सावंत हे याच पातशाहीचे सरदार. १६३६ नंतर शहाजीराजेही तिच्याच चाकरीत होते.

आता पगाराचे. फौजेला रोख पैसा खजिन्यातून फारसा मिळत नसे. सरदाराला मुलूख तोडून द्यायचा, त्याने वसूल गोळा करून घोडेस्वार बाळगायचे. आजच्या भाषेत ही ठेकेदारी झाली. मुलूख वाढता असेतो हा गाडा चालतो. १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव झाला, पुढे कर्नाटकात पाय पसरले, आणि महंमदशहाच्या काळात (१६२७ ते १६५६) राज्य सर्वांत विस्तृत झाले. १४४ फूट व्यासाचा घुमट त्याच्याच कबरीवर आहे.

मग मुलूख आटू लागला. एकीकडून मोगल, दुसरीकडून शिवाजीमहाराज. पन्हाळा १६५९ मध्ये गेला, १६६० मध्ये परत मिळाला, १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पुन्हा घेतला. जहागिरी आकसल्या, पण शिपाई तेवढेच राहिले.

१६७२ मध्ये दुसरा अली वारला आणि चार वर्षांचा सिकंदर गादीवर बसला. कारभार हबशी खवासखानाच्या हाती आला. १६७५ मध्ये अफगाण बहलोलखानाने त्याला कैद केले आणि पुढे ठार मारले. दक्षिणी, हबशी, अफगाण असे तट राजधानीतच पडले. १६७७ च्या अखेरीस बहलोलखान मेला, तेव्हा त्याच्या अफगाण शिपायांचा पगार थकलेला होता. त्यांनी दंगा मांडला. ही थकबाकी भागवण्याच्या बोलीवरच सिद्दी मसूदला कारभार मिळाला, तोही मोगल सरदार दिलेरखानाच्या मध्यस्थीने! घरच्या शिपायाचा पगार ठरवायला शत्रू पंच म्हणून बसला. देणे भागवायला पैसा नव्हता. १६८३ मध्ये मसूद कारभार टाकून निघून गेला.

एप्रिल १६८५ मध्ये मोगलांनी वेढा घातला. शर्झाखान शर्थीने लढला. पण दाणावैरण संपली. जुलै १६८६ मध्ये औरंगजेब स्वतः येऊन तळ देऊन बसला, आणि १२ सप्टेंबरला अठरा वर्षांचा सिकंदर शरण गेला. त्याला सालीना एक लाखाची नेमणूक मिळाली, पण कैद सुटली नाही. सरदारांना मोगली मनसबी मिळाल्या. शर्झाखान रुस्तुमखान या किताबाने आलमगिराचा चाकर झाला, आणि १६९० मध्ये साताऱ्यापाशी मराठ्यांनी त्याला पकडले.