वसतिगृहातील संध्याकाळ : विद्यार्थी मंडळे कशासाठी?

गेल्या पालकसभेत एका पालकांनी मोकळेपणाने विचारले, “सर, भित्तिपत्रक, वक्तृत्व, लेझीम यांत मुलांची संध्याकाळ जाते. त्याचे गुण किती मिळतात? त्यापेक्षा गणिताची शिकवणी घेतली तर?” प्रश्न रास्त आहे. मोलमजुरी करून ज्यांनी आपले लेकरू वसतिगृहात ठेवले, त्यांना त्याच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. तो हिशेब द्यावा, यासाठीच हा लेख.

प्रथम आपल्या चळवळीचा अनुभव पाहू. २० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. तेथील विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडले आणि तरुण व्यसनांकडे वळू नयेत म्हणून हॉकी क्लबही चालविला. पैशाची चणचण असलेल्या चळवळीने मासिक, वाचनालय आणि हॉकी यांवर शक्ती का खर्च करावी? कारण उघड आहे. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडता येतो. पण पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसविलेल्या माणसाला चारचौघांत उभे राहून बोलण्याचे बळ कायदा देऊ शकत नाही. ते सरावानेच येते.

आपल्या कोल्हापूरला तर वसतिगृहांची मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. ज्या काळी एका समाजाचे मूल दुसऱ्याच्या पंगतीला बसू शकत नव्हते, त्या काळी जातवार वसतिगृहे हाच शिक्षणाचा व्यवहार्य मार्ग होता. आज आपल्या भोजनगृहात एकच पंगत बसते. मात्र पंगत एक झाली म्हणून मने आपोआप एक होत नाहीत. एकत्र नाटक बसविताना, एकाच चेंडूमागे धावताना, एका भित्तिपत्रकासाठी वाद घालताना ती जवळ येतात.

आता मंडळाचे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते सांगतो. वर्षाच्या आरंभी गुप्त मतदानाने अध्यक्ष व सचिव निवडले जातात. प्रत्येक सभेची विषयपत्रिका आधी फलकावर लागते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. कोणी ठराव मांडतो, कोणी अनुमोदन देतो, विरोधकाला बोलू दिले जाते आणि मग मतदान होते. रंगाच्या डबीपासून दोऱ्यापर्यंत प्रत्येक खर्चाची पावती वहीला चिकटविली जाते.

ही पद्धत परकी नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणसंख्या आणि गुप्त मतदान यांचे नियम भगवान बुद्धांच्या भिक्षुसंघाला ठाऊक होते. विनयात प्रस्तावाला ‘ञत्ति’ आणि मतदानाच्या काडीला ‘सलाका’ असे शब्द आहेत. बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयातही विद्यार्थ्यांची संसद भरत असे. आठवीतली मुलगी थरथरत्या आवाजात “माझा या ठरावाला विरोध आहे” म्हणते आणि सभा तिचे ऐकून घेते, तेव्हा ती हाच वारसा पुढे नेत असते.

आमच्या इतिहास मंडळाचे एक उदाहरण देतो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी याच नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर धारातीर्थी पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेने तो प्रसंग घरोघरी पोहोचविला. स्मारकाला भेट दिल्यावर मुलांनी वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे असतात : समकालीन कागदांत काय आहे, बखरींत काय आहे, कवितेतून काय आले आहे. यामुळे शूरांविषयीचा आदर कमी होत नाही. पण ऐकीव आणि पुराव्याचे यांतला फरक मुलाला कळतो. ‘स्वतः पडताळून पाहा’ हा कालामांना दिलेला उपदेश आम्ही असा शिकवतो.

यात आमच्याही उणिवा आहेत. अनेक वर्षे तीच चार-पाच चुणचुणीत मुले मंचावर दिसत आणि मुलींकडे रांगोळी व स्वागतगीत येई. हे लक्षात आल्यावर सूत्रसंचालन पाळीपाळीने देण्यास आणि हिशेबाची वही मुलींकडेही सोपविण्यास सुरुवात केली. अबोल मुलाला वळण लागायला वेळ लागतो. पहिल्या सभेत तो केवळ सतरंजी अंथरतो; वर्षअखेरीस तोच इतिवृत्त वाचतो.

त्या पालकांना मी म्हणालो, “गणित हवेच, त्यासाठी वेगळा तास ठेवू. पण उद्या तुमचे मूल मुलाखतीला, ग्रामसभेला किंवा एखाद्या कचेरीत साहेबासमोर उभे राहील, तेव्हा त्याच्या गुणपत्रिकेबरोबर त्याचा आवाजही सोबत हवा.” ते काही बोलले नाहीत, मात्र पुढच्या सभेला मुलीचे भाषण ऐकायला आवर्जून थांबले.

माजी विद्यार्थी मित्रहो, शाळेला भेटवस्तू जरूर द्या. पण त्याआधी एक संध्याकाळ द्या. मंडळाच्या सभेत मागच्या रांगेत बसा, मुलांचे ऐका. आणि पालकहो, सुट्टीत मूल घरी आले की, “किती गुण पडले?” याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : “यंदा तू कोणता ठराव मांडलास?”

जय भीम!