तीन हिवाळे, एक बाटली

ब्रुसेल्सच्या आंडरलेख्त भागात, मिडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, काँतियाँ नावाची ब्रुअरी आहे. 1900 साली सुरू झालेली आणि आजही त्याच कुटुंबाकडे असलेली. इथे बिअरमध्ये यीस्ट घालतच नाहीत. विरजण न लावता दही लागावं, आणि तेही दर हिवाळ्यात, पिढ्यान् पिढ्या, तसा हा प्रकार.

याचं नवल कळायला थोडं मागे जावं लागतं. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हॅन्सन यांनी यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा काढून वाढवला. तेव्हापासून जगभरच्या ब्रुअऱ्या हवेतल्या रानटी सूक्ष्मजीवांना दाराबाहेर ठेवायला शिकल्या. आपण पितो ती जवळजवळ सगळी बिअर या शिस्तीतून आलेली असते. काँतियाँमध्ये मात्र त्याच सूक्ष्मजीवांसाठी रात्रभर झडपा उघड्या ठेवतात.

दोन तृतीयांश माल्ट केलेली बार्ली आणि एक तृतीयांश कच्चा गहू यांचा गोडसर काढा काही तास उकळतो. त्यात हॉप्स पडतात ते मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने केलेले. त्यांचा वास आणि बराचसा कडवटपणा उडून गेलेला असतो. नको त्या जिवाणूंना रोखण्याचा गुण तेवढा उरतो. मग हा उकळता काढा पोटमाळ्यावरच्या तांब्याच्या प्रचंड, उथळ टाकीत सोडतात. तिला कूलशिप म्हणतात. वाफ छपराच्या फटींतून निघून जाते, बाहेरची थंड हवा आत येते, आणि सकाळपर्यंत काढा वीस अंशांच्या खाली निवतो. तेवढ्या वेळात जे यायचे ते पाहुणे आलेले असतात.

सकाळी तो लाकडी पिंपांत भरतात. काही दिवसांत पिंपाच्या तोंडातून तपकिरी फेस उसळून बाहेर ओघळायला लागतो, म्हणून सुरुवातीला बूच घट्ट मारतच नाहीत. मारलं तर पिंपच फुटेल. आत काय चालतं, याचा माग बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी याच ब्रुअरीत महिनोन् महिने नमुने घेऊन काढला आणि 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिला महिना आतड्यांतल्या जिवाणूंच्या कुळातल्या सूक्ष्मजीवांचा. या टप्प्यावरचं पेय कोणी तोंडात धरणार नाही. दुसऱ्या महिन्यापर्यंत नेहमीचं सॅकरोमायसिस यीस्ट साखरेवर ताबा मिळवतं, आणि त्याच्या जोडीला पेडिओकॉकस हा आंबटपणा आणणारा जिवाणू येतो. सहा महिन्यांनंतर राज्य येतं ब्रेटॅनोमायसिसचं. इतरांना न पचलेल्या लांब साखळीच्या शर्करा हे यीस्ट सावकाश, वर्ष-दोन वर्षं लावून संपवतं. गंमत म्हणजे त्याचं नाव ठेवलं तेही कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेतल्या निल्स क्लाउसेन यांनी, 1904 मध्ये.

मधल्या काळात पेडिओकॉकसमुळे कधी कधी बिअर तार सुटण्याइतकी चिकट होते. बिअर आजारी पडली, असं ब्रुअर म्हणतात. आणि औषध? काही नाही. थांबायचं. ब्रेटॅनोमायसिस तो चिकटपणाही खाऊन टाकतं. मला या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते: एकाने बिघडवलेलं दुसरा निस्तरतो, आणि माणसाचं काम फक्त हात न लावण्याचं.

पिंपात मुरलेली बिअर म्हटली की अनेकांना बोर्बनच्या पिंपांतली काळी, दाट स्टाउट आठवते. अमेरिकी कायद्याप्रमाणे बोर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्याच पिंपात ठेवावी लागते, म्हणून वापरलेली पिंपं मुबलक मिळतात आणि बिअरला व्हॅनिलाची, जळक्या साखरेची चव देतात. काँतियाँची पिंपं बहुतेक वाइनची, आणि इतकी वापरलेली की लाकडाकडे स्वतःची चव फारशी उरलेली नसते. ती दोनच गोष्टी देतात: छिद्रांतून झिरपणारा किंचितसा ऑक्सिजन, आणि लाकडात मुक्काम ठोकलेले सूक्ष्मजीव. तिथली कोळ्यांची जाळीसुद्धा झाडत नाहीत. फळांवर येणाऱ्या माश्या कोळी खातात.

पिंपातल्या या बिअरला लँबिक म्हणतात. ती चाखली तर फेस नाही, बुडबुडे नाहीत. सगळा वायू लाकडातून निघून गेलेला. शेजारशेजारची दोन पिंपं एकाच दिवशी भरलेली असली तरी चव वेगळी. म्हणून ब्रुअरची खरी कसोटी जिभेची. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक चाखून, मिसळून तो ग्यूझ तयार करतो. जुनीतून खोली येते, कोवळीतून उरलेली साखर. त्या साखरेवर बाटलीत पुन्हा आंबवण होतं आणि शॅम्पेनसारखे बारीक बुडबुडे येतात. म्हणजे एका बाटलीत तीन हिवाळे असतात.

ग्यूझ ओतताना बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवतात, गाळ हलू नये म्हणून. रंग जुन्या सोन्याचा. पहिल्या घोटाला आंबटपणा जबड्याच्या कोपऱ्यांत शिरतो. मग लिंबाची साल, ओलं गवत, दमट तळघर, आणि ज्याला जाणकार घोड्याच्या पाठीवरचं कांबळं म्हणतात तो ब्रेटॅनोमायसिसचा वास. गोडवा जवळजवळ शून्य. दुसऱ्या घोटापर्यंत धीर धरा, मग ही बिअर बोलायला लागते.

आपल्याकडे याचं नातं शोधायचं तर गोव्यात सापडेल. काजूच्या बोंडांचा रसही परंपरेने बाहेरचं यीस्ट न घालताच आंबवतात, आणि मग त्याची फेणी काढतात.

आता साठवणीबद्दल. चांगल्या तळघरात ग्यूझ वीस वर्षांनीही उत्तम लागते, असं ब्रुअरीच सांगते. फळं घातलेल्या लँबिकच्या बाटल्यांचं तसं नाही. जर्दाळू घातलेली फू-फून किंवा रासबेरीची रोझे द गॅम्ब्रिनस वर्षानुवर्षं जपली तर आंबटपणा राहतो, फळ विरून जातं. त्या लवकर प्यायच्या. कपाटात सजवण्यासाठी किंवा चढ्या भावाने विकण्यासाठी त्या अडकवून ठेवणं मला पटत नाही. एकाच ग्यूझच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक आता उघडावी, दुसरी काही वर्षांनी, आणि दोन्ही वेळा चवीची नोंद लिहावी. संग्रहाचा खरा आनंद तोच. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात मात्र साधं कपाट चालणार नाही. बारा-चौदा अंशांवरचा वाइन-फ्रिज हवा, आणि अंधार.

काँतियाँला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. संग्रहालय म्हणून ही ब्रुअरी 1978 पासून खुली आहे, पण कूलशिप भरते ती साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच, कारण उबदार रात्री नको ते जिवाणू माजतात. नोव्हेंबर 2015 मध्ये रात्री इतक्या उबदार होत्या की काम थांबवावं लागलं होतं.