उन्हाने ओढलेला वारा

घर बांधणाऱ्याची चिंता आपल्या देशात पूर्वापार एकच आहे: ऊन आत येऊ नये, वारा मात्र यावा. ऊन हा वैरी आणि वारा हा सोयरा, अशी विभागणी मनाशी पक्की झालेली असते. परंतु योग्य ती योजना केली, तर हा वैरीच सोयऱ्याच्या हाताला धरून त्याला घरात आणतो. सूर्याच्या उष्णतेच्या साहाय्याने घरातील हवा खेळती ठेवण्याच्या पद्धतीचे मर्म एवढेच आहे.

तिच्या मुळाशी असलेला नियम साधा आहे. हवा तापली म्हणजे प्रसरण पावते व हलकी होते. ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १,१६५ ग्रॅम भरते. तीच हवा ५० अंशांपर्यंत तापली की ते सुमारे १,०९३ ग्रॅमवर येते. फरक सत्तर ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे किरकोळच. पण ही तापलेली हवा तीन मीटर उंचीच्या उभ्या नळीत उभी राहिली, तर नळीच्या तोंडाशी दर चौरस मीटरला सुमारे दोनशे ग्रॅम वजनाइतका ओढा निर्माण होतो. नळी जितकी उंच आणि हवा जितकी गरम, तितका हा ओढा अधिक. पान न हलणाऱ्या दुपारीही खोलीतील हवा बाहेर खेचण्यास तो उपयोगी पडतो.

यासाठी जी रचना करतात तिला सौर धुराडे म्हणता येईल. छपरावर किंवा भिंतीलगत एक उभी पोकळी ठेवतात. तिची उन्हाकडील बाजू काचेची आणि आतील बाजू काळ्या रंगाची असते. काचेतून शिरलेले ऊन काळ्या पृष्ठभागावर अडते, पोकळीतील हवा तापून वर निघून जाते, आणि तिची जागा घेण्यासाठी खोलीतील हवा छताजवळच्या झरोक्यातून पोकळीत ओढली जाते. त्याच वेळी उत्तरेच्या, सावलीतल्या बाजूच्या खिडकीतून ताजी हवा घरात येते. काळ्या भिंतीमागे उष्णतारोधक थर मात्र हवाच. नाही तर वारा आणायला जावे आणि उष्णता घरात घ्यावी, असा प्रकार व्हायचा.

कल्पना सर्वस्वी नवी नाही. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांना छतात ठेवलेले सवणे, वाड्याचा उघडा चौक, स्वयंपाकघरावरचे धुराडे या सर्वांनी गरम हवेला वरची वाट मोकळी करून दिली होती. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातील ओदेयो येथे फेलिक्स त्राँब या शास्त्रज्ञाने झाक मिशेल या वास्तुशिल्पज्ञासह १९६७ साली काचेआडच्या काळ्या भिंतीचे घर उभारले. त्याचा हेतू थंडीत ऊब मिळवण्याचा होता. पण अशा भिंतीचे वरचे झरोके उन्हाळ्यात बाहेरच्या बाजूस उघडले की तीच भिंत हवा ओढून टाकण्याचे काम करते. आपल्या देशात गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे 'टेरी' या संस्थेने २००० साली पूर्ण केलेल्या प्रशिक्षण केंद्रात याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे जमिनीखाली चार मीटर खोलीवर सत्तर मीटर लांबीचे चार बोगदे आहेत. त्या खोलीवर मातीचे तपमान वर्षभर फारसे बदलत नाही. त्यामुळे बोगद्यातून येणारी हवा उन्हाळ्यात निवलेली व हिवाळ्यात उबदार असते. पंखे ती खोल्यांत लोटतात आणि छपरावरील सौर धुराडी वापरलेली हवा बाहेर काढण्यास मदत करतात.

या साऱ्याचा आरोग्याशी संबंध निकटचा आहे. डोक्यावरचा पंखा खोलीतली तीच ती हवा घुसळतो. घरोघरी बसवलेले वातानुकूलन यंत्र बहुधा तीच हवा थंड करून परत सोडते. बाहेरच्या हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२० भाग असतात. दारेखिडक्या बंद करून दोन माणसे झोपली, तर पहाटेपर्यंत ते सहज हजाराच्या वर जातात. नव्या घरात रंग आणि प्लायवुड यांतून निघणारी द्रव्ये, स्वयंपाकाचा धूर आणि ओल यांची त्यात भर पडते. क्षयासारखे हवेतून पसरणारे रोग कोंदट जागी बळावतात. मुंबईतील गोवंडी व मानखुर्द भागांतील पुनर्वसन वसाहतींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. दाटीवाटीने बांधलेल्या इमारतींत उजेड व वारा न पोहोचणे आणि क्षयाचे प्रमाण यांचा संबंध तीत दाखवण्यात आला. तेथील रहिवाशांनी ती घरे आपल्या आवडीने आखलेली नव्हती. आराखड्यावरची एक रेघ कुणाच्या तरी फुप्फुसांपर्यंत पोहोचते, ती अशी.

या पद्धतीच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. पावसाळ्यात ढगांनी आभाळ भरले की ओढा मंदावतो. बाहेरची हवाच तप्त असेल, तर केवळ धुराड्याने ती गार होत नाही. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. त्या दिवसांत दक्षिणेकडे तोंड केलेली उभी काच दुपारी बिनकामाची ठरते. तेव्हा छपरावर तिरपी किंवा पश्चिमेकडे वळवलेली काच बरी. बहुमजली इमारतीत सर्व घरांचे धुराडे एकच ठेवले, तर एका घरातील धूर, वास किंवा आग दुसऱ्या घरात पोहोचण्याची भीती असते. म्हणून प्रत्येकाची वाट निराळी हवी. आणि समोरासमोर खिडक्या ठेवणे, भिंतींवर सावली धरणे, या मूळच्या गोष्टी साधल्यावाचून धुराडे बांधणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या 'इको निवास संहिते'ने निवासी इमारतींसाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाण सांगितले आहे. उष्ण व दमट हवामानात ते जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक षष्ठांश आहे. ही किमान पायरी होय. बांधून झालेल्या घरात नवी पोकळी काढणे खर्चाचे व कटकटीचे. आराखड्यातच तिला जागा दिली, तर खर्च मुख्यतः विटा, काच आणि काळ्या रंगाचा. एकदा उभे राहिलेले घर पन्नास वर्षे उभे राहते, आणि त्याच्या चुकांचे भाडे विजेच्या देयकातून व औषधांच्या खर्चातून दरमहा भरावे लागते. ऊन तर आपल्या छपरावर रोजच पडते. त्याला कामाला लावायचे की नाही, याचा निर्णय पाया खणण्यापूर्वीच व्हावयास हवा.