तोटी, कार्ट्रिज आणि नेमका पाना

‘गंडीपेटचे पाणी जो प्याला, तो हैदराबाद सोडीत नाही’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. १९०८ सालच्या मुसीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने जी योजना आखली गेली, तिच्यातून १९२० साली उस्मानसागर म्हणजेच गंडीपेट आणि १९२७ साली हिमायतसागर उभा राहिला. पुढे शहर वाढले तशी मांजरा आली, २००४ साली कृष्णा आली आणि २०१५ साली गोदावरी. या तिन्ही नद्यांचे उगम महाराष्ट्रात. बालाघाटाच्या डोंगरांत, महाबळेश्वरी आणि त्र्यंबकेश्वरी. तेव्हा येथील मराठी स्वयंपाकघरात तोटी सोडली की माहेरचे पाणी येते, असे कोणी म्हटले तर ती निव्वळ कविकल्पना ठरू नये. इतक्या लांबून आलेले हे पाणी ओट्यापाशी पोहोचून रात्रभर ठिबकत वाया जावे, हे मात्र मनाला लागते. सेकंदास एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटरांहून अधिक पाणी जाते. वाचकांनी घरातील मुलांकडून हे गणित अवश्य करवून घ्यावे.

तोटी ठिबकू लागली की कारागीर बहुधा एकच उपाय सांगतो: ‘पूरा नलच बदल डालो, साब.’ यात दर वेळी लबाडी असते असे नाही. आतला भाग काढण्यास योग्य हत्यार त्याच्या पिशवीत नसते, हेच खरे कारण पुष्कळदा असते.

जुन्या पितळी तोटीत कातड्याचा किंवा रबराचा वायसर असे. तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे आणि कोणत्याही तोटीत बसे. आजच्या पाव फेऱ्यात उघडणाऱ्या तोटीत वायसरच्या जागी चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याच्या दोन चकत्या असतात. त्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की एकमेकींवर सरकताना त्यांच्यामधून पाणी झिरपत नाही. या चकत्यांसह येणाऱ्या पितळी नळकांड्याला कार्ट्रिज म्हणतात. आपल्याकडे अनेक वस्त्यांत पाणी एक दिवसाआड येते; पहिल्या धारेबरोबर येणारी रेती या चकत्यांवर ओरखडे पाडते, आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार उरलेले काम करतो.

वायसरचा सार्वत्रिकपणा कार्ट्रिजला नाही. एकाची लांबी दुसऱ्याला जुळत नाही, मुठीत बसणाऱ्या दांड्यावरील दाते कोठे वीस तर कोठे चोवीस, एक डावीकडे उघडते तर दुसरे उजवीकडे. ‘अर्धा इंच द्या’ म्हणून तर काहीच निष्पन्न होत नाही. अर्धा इंच हे नळाच्या पोकळीवरून पडलेले जुने नाव. त्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ एकवीस मिलिमीटर भरतो! म्हणून ट्रूप बाजारात किंवा राणीगंजात जावे ते जुने कार्ट्रिज खिशात घालूनच. तेथील दुकानदार पहिल्या वाक्यातच विचारतो, ‘नमुना लाए क्या साब? नमुना नै तो नक्को पूछो.’ (हा ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच दख्खनी भाऊ. असो.)

परंतु नमुना हाती येण्यासाठी तो आधी तोटीतून निघाला पाहिजे, आणि सारी मेख तेथेच आहे. आमच्या वस्तीतील एका घरी कारागिराने दातेरी पाईप पाना लावून जोर केला. कार्ट्रिज हलले नाही. भिंतीतला प्लास्टिकचा कोपरा मात्र तडकला. फरशा फोडाव्या लागल्या, आणि ऐंशीच्या घरातल्या आजींना दोन दिवस न्हाणीघरातून कळशीने पाणी आणावे लागले. दातेरी पाना लोखंडी पायपासाठी आहे. पितळेचे कोपरे तो खाऊन टाकतो आणि मग कोणताच पाना त्यांना धरीत नाही.

प्रथम ओट्याखालची चावी बंद करून तोटीतले पाणी सोडून द्यावे आणि मोरीच्या जाळीवर फडके घालावे, म्हणजे स्क्रू वाहून जात नाही. मुठीवरची लाल-निळी टोपी नखाने उचकटली की खाली स्क्रू दिसतो. कित्येक मुठींना बाजूस षटकोनी खाचेचा बारीक स्क्रू असतो. त्यास ॲलन की लागते, बहुधा अडीच किंवा तीन मिलिमीटरची. येथे इंचाच्या मापाची चावी घालू नये. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिलिमीटर, ती अडीचच्या खाचेत बसल्यासारखी वाटते आणि खाच गोल करून ठेवते. मूठ निघाल्यावर कार्ट्रिजचे सहा पैलू दिसतात. त्यांवर नेमक्या मापाचा रिंग पाना बसवावा, आणि कार्ट्रिज खोल असेल तर बॉक्स पाना. तो सहाही कोपरे एकदम धरतो, म्हणून थोड्या जोराने काम होते. क्षाराने घट्ट धरले असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवावे. दुसऱ्या हाताने तोटीचे अंग पक्के धरावे, नाहीतर जोर थेट भिंतीत जातो. एका दांड्याच्या मिक्सरची गोष्ट निराळी: त्यात प्लास्टिकचे, बहुधा पस्तीस किंवा चाळीस मिलिमीटरचे कार्ट्रिज असून ते एका रुंद पितळी नटाखाली दाबलेले असते. त्या नटास मोठ्या तोंडाचा पाना लागतो, आणि तो घरोघरी नसतो. एखाद्या सोसायटीने वर्गणी काढून असा एक पाना रखवालदारापाशी ठेवण्यास काय हरकत आहे?

नवे कार्ट्रिज बसविताना त्यावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये. पाणी अडविण्याचे काम तळाचा रबर करतो. आधी बोटांनी फिरवावे, मग पान्याने अगदी थोडेसे आवळावे. अधिक आवळल्यास चकती तडकते. ओट्याखालची चावी हळूच उघडावी. जुने कार्ट्रिज फेकू नये. कागदात गुंडाळून, वर तोटीचे नाव, दात्यांची संख्या आणि लागलेल्या पान्याचे माप लिहून, ते हत्यारांच्या डब्यात ठेवून द्यावे. दोन-चार वर्षांनी दुकानदार पुन्हा नमुना मागणारच आहे.